सालीखालची वाट

मित्रांनो, मी एक जुना कलमाचा चाकू आहे. माझे पाते घासून घासून आता निम्मेच उरले आहे. मूठ सागाची आहे आणि तिच्यावर एका बाजूला अंगठ्याच्या मापाचा खळगा पडला आहे. मला पाहून कोणी थांबणार नाही. आठवडी बाजारात माझ्यापेक्षा चकचकीत चाकू ढिगाने मिळतात. पण त्यांनी फार तर कांदा आतून पाहिला असेल. मी झाड आतून पाहिले आहे. आयुष्यभर मी सालीखाली जात आलो आणि तिथे जे चालते ते पाहून आजही थक्क होतो. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म तळोद्याचा. तिथे हिंमतराव नावाच्या लोहारांची भट्टी होती. सातपुड्यात माणसे भरून चढणाऱ्या जीपगाड्यांच्या स्प्रिंगचे जुने पाटे त्यांच्याकडे येऊन पडत. अशाच एका पाट्याचा मी तुकडा. एका सकाळी रायसिंग नावाचा पंचविशीचा माणूस भट्टीवर आला. तो जवळच्या रोपवाटिकेत आंब्याची कलमे बांधायचा. बाजारातल्या चाकूची धार दोन दिवसांत जाते, अशी त्याची तक्रार होती. हिंमतरावांनी मला निखाऱ्यातून काढले, ठोकले, पाण्यात बुडवले. मग मूठ बसवून म्हणाले, "हाऊ पाटा वीस वरीस जीपना खाले वाकना, पन तुटना नही. आते तो झाडनं काम करी. ले, तुन्हा हातमा बसस का देख."

रायसिंगने मला हातात घेतले आणि अंगठा मुठीवर ठेवला. मी बसलो. पुढची तीस वर्षे मी त्याच हातात होतो.

कलम बांधणे म्हणजे काय, हे आधी सांगतो. एका झाडाचा तुकडा दुसऱ्या झाडावर असा जोडायचा, की दोघे मिळून एकच झाड व्हावे. कोय कलम, पाचर कलम, भेट कलम असे त्याचे प्रकार आहेत. मला भेट कलम सर्वांत आवडते. त्यात दोन्ही रोपे आपापल्या मुळांवर उभी असतात. दोघांची थोडीथोडी साल काढायची, ओल्या जागा एकमेकींना टेकवायच्या आणि बांधून ठेवायचे. दीड-दोन महिन्यांनी पाहावे तर दोघांचे अंग एक झालेले असते. हे नेमके कसे होते, ते रायसिंगलाही बरीच वर्षे नीट ठाऊक नव्हते. त्याला एवढेच माहीत होते, की साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, बुळबुळीत थर असतो आणि त्या थराला थर भेटला पाहिजे.

मग एका पावसाळ्यात रंजनाबाई नावाच्या कृषी सहायक रोपवाटिकेत आल्या. त्यांनी सगळ्या कामगारांना ओट्यावर बसवले. बांधावरचा तेरड्याचा एक कोवळा दांडा माझ्याच पात्याने कापला आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात उभा केला. दुपारपर्यंत तेरड्याच्या फिकट दांड्यात लाल रेघा चढल्या होत्या. पानांच्या शिरासुद्धा लाल दिसू लागल्या.

"हे पाणी कोणी चढवलं?" बाईंनी विचारले.

रायसिंग हळूच म्हणाला, "झाडानंच."

"कशानं? तिकडे प्रकाशा गावात शेतकरी तापीचं पाणी मोटारीनं वर चढवतात. वीज गेली की पाणी थांबतं. झाडात कुठे मोटार आहे?"

मग त्यांनी समजावून सांगितले. झाडाच्या लाकडात केसांहून बारीक नळ्या असतात. त्यांना जलवाहिनी म्हणतात. मुळे जमिनीतले पाणी घेतात आणि ते या नळ्यांत भरते. वर पानांना बारीक छिद्रे असतात. उन्हात त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे वरचा कण निघाला की तो खालच्याला ओढतो, खालचा त्याच्या खालच्याला. असा पाण्याचा अखंड धागा मुळापासून शेंड्यापर्यंत ताणलेला असतो. सूर्य वर तापतो आणि पाणी खालून चढते. आवाज नाही, धूर नाही.

"आणि पानं त्या पाण्याचं काय करतात? ती जेवण करतात," बाई म्हणाल्या. "पाणी, हवा आणि ऊन घेऊन साखर तयार करतात. ती साखर मुळांना पोचवायला वेगळी वाट आहे. ती सालीच्या आतल्या अंगाला असते. तिला रसवाहिनी म्हणतात. मुळं अंधारात असतात, त्यांना स्वयंपाक करता येत नाही. वरून आलं तर जेवतात, नाही तर उपाशी राहतात."

त्या संध्याकाळी रायसिंगने मला पुसले, पण लगेच खिशात ठेवले नाही. बराच वेळ तो माझ्या पात्याकडे पाहत बसला. मग शेजारच्या माणसाला म्हणाला, "इतकी वर्षं मी जे जोडत होतो, त्याला नाव आहे."

त्यानंतर त्याचा हात आणखी जपून चालू लागला. त्याची कलमे मरत नसत. सपाटीवरचे मोठे शेतकरी रोपवाटिकेत येऊन "रायसिंगच्या हातचंच द्या" म्हणत. ते त्याच्या हाताचे कौतुक करीत आणि मला वाटे, यात माझाही थोडा वाटा आहे.

मित्रांनो, चांगले दिवस संपतात तेव्हा आधी सांगत नाहीत. एका हिवाळ्यात सकाळी रायसिंग उठला आणि त्याचा उजवा हात उठला नाही. उजवा पायही नाही. लकवा मारला होता. दवाखान्यात महिनाभर उपचार झाले. बोलणे बरेचसे परत आले, पण हात आला नाही. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हते. त्याची धाकटी बहीण रूपलीबाई जीप करून आली आणि त्याला आपल्या पाड्यावर घेऊन गेली. धडगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर तिचे कुडाचे घर होते. रायसिंगच्या कपड्यांच्या गाठोड्यात मीही गेलो.

तिथे मला कोणी ओळखत नव्हते. रूपलीबाई आणि तिचा नवरा जालमसिंग कष्टाळू माणसे. पूर्वी दोघे दरवर्षी दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जात. मुलगी चेतना हिला पाठीवर बांधून नेत. पण अंगणाच्या कडेला एक आंबा होता. तो मोठा झाला आणि भरभरून फळू लागला. रूपलीबाई कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवून आमचूर करू लागली. त्या एका झाडाच्या आमचुराने आणि डोंगरातल्या मक्या-ज्वारीने त्यांचे वर्ष निभू लागले. ऊसतोडीला जाणे बंद झाले. चेतना शाळा शिकली, तिचे लग्न खापरजवळच्या गावात झाले.

रूपलीबाईने मला गाठोड्यातून काढले आणि माझ्या पात्याने कैऱ्या सोलायला सुरुवात केली. तिचा काही दोष नव्हता. तिच्यासाठी मी फक्त एक चाकू होतो. कैरीच्या आंबट रसाने माझे पाते काळे पडले, कडेला गंज धरला. काम झाले की ती मला कुडाच्या फटीत खोचून ठेवी. रायसिंग बाजेवरून हे पाहत असे. त्याने तिला एकदाही अडवले नाही. फक्त तोंड दुसरीकडे फिरवी. मला त्याचे वाईट वाटे आणि माझेही वाटे.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात आंब्याला कधी नव्हे इतकी फळे आली. फांद्या जमिनीकडे वाकल्या. शेजारच्या पाड्यांवरची माणसे मुद्दाम पाहायला आली. जालमसिंग फांद्यांना टेकू देत फिरत होता आणि त्याच्या तोंडावरून हसू जात नव्हते. रायसिंगची बाज आता सावलीसाठी झाडाखालीच घातलेली असे. काम नसलेला माणूस तो, दिवसभर झाडाकडे पाहत पडे. एके दुपारी त्याचा डावा हात खोडावरून फिरला आणि तिथेच थांबला.

ते लोक घरात पावरी बोली बोलतात. मी त्यांचे बोलणे तुमच्या शाळेच्या भाषेत सांगतो.

"रूपली, इथे हात लाव," रायसिंग म्हणाला.

तिने हात लावला. "गाठ आहे, दादा. चार-पाच वर्षं झाली. झाड म्हातारं झालं."

"म्हातारपणाची गाठ एका बाजूला येते. ही खोडाभोवती गोल फिरली आहे. वरचं खोड फुगलंय आणि खालचं बारीक राहिलंय. सालीत बोट घालून बघ, काय लागतं?"

रूपलीबाईने फुगवट्याखालच्या खाचेत बोट घातले. "लोखंड," ती म्हणाली.

ती तार होती. नऊ वर्षांपूर्वी चेतनाच्या लग्नात मंडपाचा कोपरा त्या खोडाला बांधला होता. मंडप निघाला आणि तार राहून गेली. खोड जाड होत गेले तशी तार सालीत रुतत गेली.

संध्याकाळी जालमसिंग घरी आला तेव्हा रायसिंगने त्याला सांगितले, "हे झाड मरायला लागलंय."

जालमसिंग हसला. "भाऊ, वर बघा. एवढी फळं कधी पाहिली होती का?"

"फळांनीच मला घाबरवलं. तारेनं सालीतली वाट बंद केली आहे. पानांनी केलेलं जेवण खाली उतरत नाही, सगळं वरच साठतंय. म्हणून गाठ आली, म्हणून एवढी फळं आली. मुळं उपाशी आहेत."

"मग पानं हिरवी कशी?"

"पाणी लाकडातून चढतं. लाकूड अजून धड आहे, म्हणून पानांना पाणी मिळतंय. पण उपाशी मुळं ते किती दिवस चढवतील?"

जालमसिंगचे हसू गेले, आणि त्याला रागही आला. दिवसभर बाजेवर पडणाऱ्या माणसाने भरल्या झाडाला मेलेले म्हणावे, हे त्याला सोसले नाही. "तुम्ही आजारी आहात, भाऊ. तुम्हाला सगळंच आजारी दिसतं," तो म्हणाला.

रूपलीबाई चटकन म्हणाली, "असं बोलू नको."

रायसिंगला ते लागले असणार. पण तो शांतपणे म्हणाला, "माझं ऐकू नको. कुदळ घे आणि खण. पानं वर आहेत म्हणून तू ती पाहतोस. मुळं पाहा."

जालमसिंग रागारागानेच कुदळ घेऊन आला. खोडापासून सात-आठ पावलांवर त्याने खणले. एक जाड मूळ लागले. त्याच्या टोकाला जिथे बारीक मुळ्यांचा झुपका असायला हवा, तिथे काळ्या, कोरड्या काड्या होत्या. त्याने एक चिमटीत धरली. ती कटकन मोडली. त्याने दुसरीकडे खणले. तिथेही तेच.

तो खड्ड्याच्या काठावर बसला. मग म्हणाला, "तार मीच बांधली होती. त्या दिवशी वारा सुटला होता. मंडप उडेल म्हणून तीन वेढे घातले आणि पीळ दिला."

रूपलीबाईने त्याच्या हातून कुदळ घेतली आणि खड्डा बुजवला.

दुसऱ्या दिवशी जालमसिंगने पक्कड आणि छिन्नी आणून तार तुकड्या-तुकड्यांनी उपसून काढली. तिच्याखाली चार बोटे रुंद पट्टा उरला. साल मेलेली, वाट तुटलेली. कैऱ्या उतरवल्या आणि आमचूर वाळत घातला. खडक त्या वर्षी पांढरा झाला होता. पण रूपलीबाई त्याच्याकडे पाहून एकदाही आनंदली नाही.

"आता काही करता येईल का, दादा?" तिने विचारले.

"भेट कलम," रायसिंग म्हणाला. "लहान रोपं खोडाला लागून लावायची, त्यांची खालची बाजू जखमेखालच्या जिवंत सालीला जोडायची आणि शेंडे या जखमेच्या वर सालीत बसवायचे. वरचं जेवण त्या रोपांतून खाली उतरेल. शिवाय रोपं स्वतःची मुळं घेऊन येतात. तीही या झाडाला पाणी देतील."

"बांधणार कोण?"

रायसिंगने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "तू."

उकिरड्यावर आदल्या वर्षीच्या पिकल्या आंब्यांच्या कोया रुजून पेन्सिलीएवढी जाड रोपे उगवली होती. पाऊस सुरू होताच जालमसिंगने त्यांतली सात निवडली आणि मुळांच्या मातीसह आणून खोडाभोवती लावली. रायसिंगने झाडाच्या काही फांद्याही छाटायला लावल्या. मुळे दमली आहेत, तेव्हा वरची तहान कमी करा, असे त्याचे म्हणणे. रोपे रुजायला दोन महिने द्यायचे ठरले. तेवढ्या काळात रूपलीबाईने हात बसवायचा होता.

आणि मग रायसिंग म्हणाला, "माझा चाकू कुठे आहे?"

मित्रांनो, कुडाच्या फटीतून मला काढले तेव्हा मला लाज वाटली. मी काळा होतो, बोथट होतो. जालमसिंगने ओढ्यातला गुळगुळीत दगड आणला आणि पाणी टाकून मला घासायला बसला. रायसिंग डाव्या हाताच्या नखावर धार पाहून "अजून" म्हणे. तिसऱ्या दिवशी दुपारी तो "हां" म्हणाला.

छाटलेल्या फांद्यांवर रूपलीबाई रोज तिरके काप घेऊ लागली. पहिल्या दिवशी मी तिच्या हातून निसटलो आणि तिचा अंगठा कापला. तिने फडके बांधले आणि पुन्हा बसली. तिचे काप ओबडधोबड येत.

"एका ओढीत घे," रायसिंग सांगे. "मध्ये थांबलीस की पायरी पडते. पायरी पडली की आत हवा राहते आणि थराला थर भेटत नाही."

"जमत नाही, दादा. मी काय तुझ्यासारखी कारागीर आहे?"

"किती कैऱ्या सोलल्यास आजवर?"

"मोजल्या आहेत का कधी?"

"मग कैरी सोलतेस तशीच सोल. मी बघत होतो तुला. साल एकसारखी उतरायची, गर सोडून."

मला वाटत होते, रायसिंग तोंड फिरवत असे. पण तो पाहत होता. रूपलीबाईने फांदी उचलली आणि मला कैरीवर धरावे तसे धरले. काप आरशासारखा आला.

श्रावणात एका उघडीप पडलेल्या सकाळी काम सुरू झाले. जखमेच्या वरच्या सालीत तिने माझ्या टोकाने खाच केली. साल अलगद सुटली आणि आतला ओला थर चमकला. किती वर्षांनी मी तो पाहत होतो! पाणी लाकडातून वर चालले होते, साखर सालीतून खाली येऊन तिथे अडून बसली होती. आणि या दोन वाटांच्या मध्ये तो कागदाहून पातळ थर, जो आतल्या अंगाला जलवाहिनी घडवतो आणि बाहेरच्या अंगाला रसवाहिनी. एवढ्या मोठ्या झाडाचे वाढणे त्या नाजूक थरावर चालते. लोखंड असून माझे पाते तिथे दरवेळी थरारते.

तिने रोपाची एक बाजू छिलून जखमेखालच्या सालीतल्या खाचेला टेकवली आणि शेंडा तिरका कापून वरच्या खाचेत सरकवला. रायसिंग बाजेवरून पुढे झुकला होता. "थोडा डावीकडे. हां. आता दाब."

जालमसिंगच्या हातात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. तो पट्टी घेऊन पुढे आला आणि थबकला. "पुन्हा खोडाला बांधायचं?" त्याने विचारले.

"बांध," रायसिंग म्हणाला. "बांधणं वाईट नाही. सोडायला विसरणं वाईट."

जालमसिंगने वर आणि खाली पट्टी बांधली. रूपलीबाईने वरून शेण आणि चिकणमातीचा लेप दिला. दुपारपर्यंत सातही रोपे खोडाला भेटली होती. घरात जाऊन जालमसिंगने कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढली. त्यानंतर तो रोज एक रेघ ओढू लागला.

पहिल्या पंधरवड्यात दोन रोपे वाळली. एक शेळीने मोडले. चार उरली. झाडाची पाने दुपारी मलूल होत, संध्याकाळी सावरत. मग संध्याकाळीही सावरेनाशी झाली. भिंतीवरच्या रेघा साठ झाल्या त्या दिवशी जालमसिंगने पट्ट्या सोडल्या. चारही रोपांचे वरचे आणि खालचे जोड घट्ट बसले होते. ओढले तरी हलत नव्हते. पण वरची पाने पिवळी पडत होती.

"जोड लागला," रायसिंग म्हणाला. "आता वाट रुंद व्हायला वेळ लागेल. तोवर झाड टिकलं पाहिजे."

पुढच्या उन्हाळ्यात फळ येणार नाही, हे सर्वांना कळले होते. दिवाळीनंतर जालमसिंगने कोयता बाहेर काढला. इतक्या वर्षांनी तो पुन्हा ऊसतोडीला निघाला, आणि या वेळी एकटाच. रूपलीबाई मागे राहिली. तिने झऱ्यावरून हंडे आणून झाडाला पाणी घातले. खोडाला नाही, दूर, जिथे मुळांची टोके असतात तिथे. पौषात झाडाची एक मोठी फांदी पूर्ण वाळली. पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून ती टेकडीवर जाऊन जालमसिंगशी बोलत असे. मी तिच्या कमरेला खोचलेला असे.

"झाड कसं आहे?" तिकडून तो पहिला प्रश्न हाच विचारी.

"उभं आहे," ती सांगे. वाळल्या फांदीचे तिने सांगितले नाही.

होळीला डोंगरातले सगळे परततात. जालमसिंगही आला. हातांना घट्टे, तोंड रापलेले. तो घरात न जाता सरळ झाडाकडे गेला. वाळकी फांदी पाहून त्याचा चेहरा पडला. मग त्याने मान आणखी वर केली. शेंड्याकडे, दोन-तीन फांद्यांच्या टोकांना तांबूस, लोंबती, कोवळी पालवी फुटली होती.

"भाऊ!" तो ओरडला. "पानं आली!"

रायसिंग बाजेवर उठून बसला. "पानांवर एकदा विश्वास ठेवला होतास ना?" तो म्हणाला. "खण."

या वेळी जालमसिंगने कुदळ घेतली नाही. त्याने गुडघे टेकले आणि रूपलीबाईने ओली ठेवलेली माती हातांनी उकरली. जुन्या झाडाचे जाड मूळ लागले. त्याच्या काळ्या काड्यांच्या मधून तांदळाच्या शेवयांसारखी पांढरी, नवी मुळे निघाली होती. जेवण खाली पोचले होते.

जालमसिंगने एक इवलेसे टोक मातीसकट उचलून रायसिंगजवळ आणले. रायसिंगने ते आपल्या उजव्या तळहातावर ठेवायला सांगितले, ज्या हाताला काही कळत नव्हते.

"लागतं का काही?" रूपलीबाईने विचारले.

"नाही," तो म्हणाला. "पण ओलं दिसतंय." आणि तो रडला. त्याला रडताना मी त्याआधी कधीही पाहिले नव्हते, हात गेला तेव्हासुद्धा नाही.

याला आता तीन वर्षे होत आली. ती चार रोपे मनगटाएवढी जाड झाली आहेत. आंबा जणू चार नव्या पायांवर उभा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याला बेताची फळे आली, झाडाला पेलतील एवढीच. रूपलीबाईला आता आसपासच्या पाड्यांवरून कलमे बांधायला बोलावतात. रायसिंग बाजेवरून तिला झाड कसे आहे ते विचारतो आणि काय करायचे ते सांगतो. मी तिच्या कमरेला असतो. कैऱ्या सोलायला तिने वेगळा चाकू आणला आहे. जालमसिंगच्या खिशात मात्र पक्कड असते. तळोद्याच्या बाजारात गेला की तो रस्त्याच्या कडेच्या झाडांची खोडे पाहत चालतो. कुठे जाहिरातीच्या पाटीची तार, कुठे दोरी, कुठे रुतलेली जाळी. दुकानदाराला विचारून तो ती सोडतो. कोणी हसतात. एकदा एकाने विचारले, "हे झाड तुमचं आहे का?" तो म्हणाला, "तार माझ्यासारख्याचीच आहे."

मित्रांनो, माझे पाते आणखी काही वर्षे पुरेल. मग ते इतके झिजेल, की कोणाला उपयोगाचे राहणार नाही. त्याचे मला दुःख नाही. पण माझे एक मागणे आहे. तुमच्या शाळेच्या आवारात, गल्लीत, बांधावर जी झाडे आहेत, त्यांच्या खोडांवरून एकदा हात फिरवा. कुठे तार रुतली असेल, कुठे रोपाला आधाराची सुतळी बांधून ती तशीच राहिली असेल, तर मोठ्या माणसांना सांगा आणि ती सोडवा. फळे भरपूर आहेत, पाने हिरवी आहेत म्हणून पुढे निघून जाऊ नका. झाड हाक मारत नाही. तुम्ही ती सोडवाल, त्या दिवशीही ते तुम्हाला काही सांगणार नाही. पाने आपली उन्हात कामाला लागतील, आणि त्यांनी केलेले जेवण सालीखालच्या वाटेने हळूहळू अंधारातल्या मुळांपर्यंत जाईल.